राइली गप्प राहिली तेव्हा

राइली केम्पाइनेनला काही विचारलं नाही तरी ती सांगायची, आणि चुकून विचारलंच तर मग सुटका नसे.

सव्वीस वर्षं तिने उत्तरेकडच्या थंडीतल्या आमच्या हुर्मायार्वी गावात शाळेची टॅक्सी चालवली. रानातल्या एकेकट्या घरांसमोर गाडी थांबवायची, झोपेतून उठलेली पोरं आत घ्यायची आणि शाळा येईपर्यंत त्यांना ऐकवायचं: टोपी कानाखाली ओढ, ओले मोजे काढ, काचेला जीभ लावू नकोस. नवरा गेला, टॅक्सी सुटली, आणि ती बहिणीच्या तळ्याकाठच्या, सुट्टीच्या पाहुण्यांसाठीच्या कॅम्पवर काउंटरला बसायला लागली. पुढे बहीणही गेली. कॅम्प भाच्याकडे, यार्मोकडे आला. राइली काउंटरला तशीच राहिली. आता पोरांऐवजी समोर घरगाड्या, म्हणजे चाकांवरची घरं, घेऊन आलेले पाहुणे होते. बोलणं तेच.

मी नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत रस्त्यावरचा बर्फ काढतो. ट्रकला पुढे पातं लावलेलं असतं. कॅम्पचं अंगणही माझ्याकडेच. त्यामुळे रोज सकाळची कॉफी राइलीच्या काउंटरवर, आणि तिचं ऐकणंही रोजचं.

"हॅन्डब्रेक ओढलाय का?" ती दक्षिणेकडून आलेल्या एखाद्या जोडप्याला विचारायची.

"ओढलाय की."

"मग सकाळी चाकं जागची हलणार नाहीत. ब्रेक गोठतो. जा, सोडून या. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली लाकूड द्या. आणि सिलिंडर कुठला आणलाय? निळा? तो ब्युटेन, उन्हाळ्यात सॉसेज भाजायला. इथे प्रोपेन लागतो, नाहीतर गॅस बाटलीतच बसून राहील आणि तुम्ही बाहेर कुडकुडाल."

"आम्ही दहा वर्षं फिरतोय हो, बाई."

"फिरा ना. मी कुठे नको म्हणते? जिवंत फिरा."

मी कॉफीत तोंड घालून हसायचो. पण ती उगाच बोलत नव्हती. टॅक्सीच्या दिवसांत एकदा फेब्रुवारीत तिला रस्त्याच्या कडेला एक माणूस चालताना दिसला होता. त्याच्या फोनमधल्या नकाशाने घरगाडी लाकूडतोडीच्या वाटेवर नेली होती. तिथे बर्फ काढायला कोणीच जात नाही. गाडी रुतली, बायको गाडीत, आणि हा साध्या बुटांत अकरा किलोमीटर चालत आलेला. राइलीने त्याला मागच्या सीटवर पोरांमध्ये बसवलं. बायको वाचली. त्याची पायाची पाच बोटं गेली. तो माणूस वाटभर हसत होता, म्हणाली, पाय दुखत नाहीत म्हणून खूश होता. ते हसणं तिच्या डोक्यातून कधी गेलं नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत यार्मो लॅपटॉप घेऊन काउंटरवर आला. मी तिथेच होतो.

"मावशी, हे वाच. 'जागा सुंदर, सौनाची वाफ उत्तम, पण काउंटरवरची म्हातारी घाबरवून सोडते.' आणि हे, 'मुलीला रात्रभर झोप लागली नाही.' असे सहा अभिप्राय आहेत."

"मुलीला मी एवढंच सांगितलं की तळ्याच्या त्या टोकाला ओढा मिळतो, तिथे बर्फ पातळ असतो."

"तू हेही सांगितलंस की तिथे एक रेनडिअर बुडाला आणि अजून खालून वर बघतोय."

"बघतच होता."

"मावशी!" यार्मोने कपाळाला हात लावला. तो वाईट माणूस नाही. थकलेला होता. "लोक इथे सुट्टीला येतात, मरायला नाही. किल्ली दे, सौनाची वेळ सांग, हस. बाकी सगळं मी कागदावर छापून खोलीत ठेवीन. तू फक्त बोलू नकोस. माझ्यासाठी."

राइलीने माझा रिकामा कप उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "बरं. नाही बोलणार."

आणि खरंच नाही बोलली. तीन आठवडे ती पाहुण्यांना किल्ली द्यायची, वेळ सांगायची, ओठ ताणून हसायची. काउंटरच्या खणात विषारी वायू ओळखणारे दोन अलार्म होते, ते ती घरगाडीवाल्यांना उसने द्यायची. तो खणही तिने उघडला नाही. यार्मोचा कागद काही छापून झाला नाही. मला म्हणाली, "ओइवा, दात दुखतोय असं वाटतं दिवसभर." मी हसण्यावारी नेलं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तुर्कूहून ताउनो आला. पंच्याहत्तर वर्षांचा, बुटका, रुंद खांद्यांचा. चाळीस वर्षं त्याने बसगाड्या दुरुस्त केल्या होत्या. बरोबर मुलगी रीक्का, चाळिशीच्या आसपासची. तळ्यावर बर्फाला भोक पाडून गळ टाकत आठवडाभर बसायचं, एवढाच बेत. वारलेल्या बायकोची आठवण म्हणून, असं तो म्हणाला. ती दरवर्षी त्याच्याबरोबर असं गळ टाकायला जायची.

"एक घरगाडीची जागा आणि एक छोटी खोली," रीक्का म्हणाली. "खोली मला. बाबा घोरतो, त्याच्या गाडीत माणूस झोपू शकत नाही."

"तुझी आई बेचाळीस वर्षं झोपली," ताउनो म्हणाला.

"आई बहिरी होती."

"शेवटी शेवटी झाली. माझ्यामुळेच."

तिघंही हसली. राइलीने किल्ली दिली. सौना पाच वाजता, म्हणाली. आणखी काही नाही.

चौथ्या दिवशी दुपारी आकाश अगदी स्वच्छ झालं. असं झालं की आम्हाला कळतं, थंडी कोसळणार. साडेचारच्या सुमाराला राइली टॉवेल घेऊन सौनाकडे निघाली होती. ऊन अजून होतं. ताउनो फावड्याने घरगाडीच्या चारी बाजूंनी बर्फ रचत होता, पार खालच्या कडेपर्यंत. वारा खालून शिरू नये म्हणून लोक असं करतात. पण घरगाडीच्या तळाला हवेच्या जाळ्या असतात, त्या बुजतात. त्याच्या पायाशी एक छोटी गॅसची शेगडी होती, लोक होडीत नेतात तशी.

"थंडी वाढणार आज," राइली म्हणाली.

"वाढू दे. बंदोबस्त केलाय." तो फावड्यावर रेलला. "गाडीतला हीटर परवाच गेला. त्याचा पार्ट शहरातून येईल दोन दिवसांत. तोवर ही. रीक्काला सांगू नका हं. तिला कळलं तर मला खोलीत जमिनीवर झोपवेल." आणि त्याने डोळा मारला.

राइलीने मला नंतर सांगितलं, शब्द तोंडात आले होते. शेगडी बाहेर ठेवा. ती हवा खाते आणि विष सोडते, त्याला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. जाळ्या मोकळ्या करा. खणात अलार्म आहे, देते. एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात यार्मो लाकडाची ढकलगाडी घेऊन तिथून गेला आणि त्याने तिच्याकडे पाहिलं. कदाचित सहजच पाहिलं असेल.

"कॉफी सकाळी सातपासून आहे," राइली म्हणाली आणि पुढे गेली.

सकाळी उणे सत्तावीस होतं. आठला मी अंगणात बर्फ काढत होतो. रीक्का कॉफी पिऊन, बाबासाठी पाव आणि मासा कागदात गुंडाळून घरगाडीकडे जाताना दिसली. तिने दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. मग ती मुठीने वाजवायला लागली, तेव्हा मी ट्रकमधून उतरलो. दाराची काच मी पहारीने फोडली, हात घालून कडी काढली. आत उबदार होतं. शेगडी विझलेली होती, गॅस संपला होता. ताउनो कुशीवर झोपला होता, गाल लहान मुलासारखे लाल. मी हात लावला आणि मला कळलं. जमिनीतल्या जाळीत आतूनही लोकरीचे मोजे कोंबलेले होते.

रीक्का माझ्या मागून आत आली. "बाबा, ऊठ," म्हणाली, अगदी नेहमीच्या आवाजात, जणू उशीर झालाय. मी तिला धरून बाहेर आणलं. तिच्या हातातलं पुडकं तिने सोडलं नाही.

रुग्णवाहिकेला नव्वद किलोमीटर यायचं होतं. तोवर ती काउंटरमागच्या स्वयंपाकघरात बसली. पोलीस आले, त्यांनी विचारलं, लिहून घेतलं. कोणाचा दोष नाही, अपघात, म्हणाले. ते गेल्यावर खोलीत आम्ही चौघं उरलो: रीक्का, राइली, यार्मो आणि मी.

"ती शेगडी मी कधी पाहिली नव्हती," रीक्का म्हणाली. "तुमच्यापैकी कोणी पाहिली होती का?"

यार्मो म्हणाला, "नाही." त्याने खरंच पाहिली नसावी.

राइलीलाही नाही म्हणता आलं असतं. कोणाला कधी कळलं नसतं. मी तिच्याकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, बाई, आता तरी गप्प बस.

"मी पाहिली," राइली म्हणाली. "काल साडेचारला. जाळ्या बुजलेल्याही पाहिल्या. काय होऊ शकतं ते मला माहीत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"पाहुण्यांना काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं."

"कोणी?"

यार्मोचा चेहरा चुन्यासारखा झाला. राइलीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मीच."

रीक्काने पुडकं टेबलावर ठेवलं, त्याच्या घड्या हाताने सरळ करत राहिली. "बाबाने तुमचं ऐकलं नसतं," ती म्हणाली. "त्याने आयुष्यात कोणाचं ऐकलं नाही." राइलीने मान वर केली. तेव्हा रीक्का म्हणाली, "पण मी ऐकलं असतं. तुम्ही मला सांगायचं होतं. मी वीस पावलांवर होते."

संध्याकाळच्या आधी तिची मावसबहीण येऊन तिला घेऊन गेली. जाताना तिने मला हात केला. राइलीला नाही.

घरगाडी जूनपर्यंत अंगणात उभी होती. मग एक ट्रक येऊन ती घेऊन गेला. त्याआधी राइलीने ती आतून धुतली, पडदे इस्त्री केले. यार्मो म्हणाला, मावशी, कशाला? ती पडद्याची घडी घालत राहिली. ती आता कोणालाच फारसं उत्तर देत नसे. यार्मो तिच्यापुढे एकदा रडला, माझ्यामुळे झालं म्हणाला. "तू किल्ल्या सांभाळ," एवढंच ती म्हणाली. काउंटरला ती पुन्हा बसली नाही. जी बाई सव्वीस वर्षं टॅक्सीत एक मिनिट गप्प नव्हती, तिच्या घरी कॉफी प्यायला गेलं की घड्याळाची टिकटिक ऐकू यायची.

पण पुढच्या हिवाळ्यात ती रोज दुपारी चार वाजता अंगणात यायला लागली. हातात लोखंडी सळई. प्रत्येक घरगाडीच्या खाली वाकायची, बर्फ बाजूला करायची, जाळीत सळई घालून बघायची. दार वाजवायची आणि अलार्म पुढे करायची. आता खणात बारा होते. कोणी हसायचे, कोणी चिडायचे. एका माणसाने तिला गाडीखालून ओढून काढलं, पत्र्याला चरा पडला म्हणून शिव्या घातल्या. ती कपडे झटकून पुढच्या गाडीकडे गेली. यार्मो मागून माफी मागत फिरायचा, पण तिला थांबवलं नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी, जानेवारीत, एका तरुण जोडप्याने दार उघडायला नकार दिला. आत गॅस पेटलेला दिसत होता, काचांवरून पाणी ओघळत होतं. राइली त्यांच्या पायरीवर बसली. मी बर्फ काढायला आलो तेव्हा तिला बसून तासभर झाला होता. भुवया पांढऱ्या, ओठ निळे.

"राइली, चल. यार्मो बघेल."

"ते उघडतील."

"आणि नाही उघडलं तर?"

"तर मी इथे आहे."

मी दारावर लाथ मारली तेव्हा त्यांनी उघडलं. पोरगी घाबरून रडायलाच लागली; त्यांना वाटलं होतं, कोणी वेडी बाई आहे. अलार्म आत ठेवला. तो वाजला नाही. सगळं ठीकच होतं त्यांचं, खिडकीही फटीएवढी उघडी होती.

राइलीला न्युमोनिया झाला. फुप्फुसं आधीच अधू होती. हॉस्पिटलात पाच आठवडे काढले, मी दर रविवारी जायचो. ती छताकडे बघत पडून असायची. एकदा मी म्हणालो, "राइली, तू पाहिलंस आणि खरं सांगितलंस. दुसऱ्या कोणी सांगितलं नसतं."

"उशिरा," ती म्हणाली.

फेब्रुवारीच्या शेवटी ती गेली. दफनाला गाव आलं होतं. तिच्या टॅक्सीत बसलेली पोरं आता मोठी झालेली, आपापली पोरं घेऊन आली. जमीन गोठलेली असल्याने खड्डा यंत्राने खणावा लागला. यार्मोने त्यानंतर हिवाळ्यात घरगाड्या घेणं बंद केलं.

रीक्काला कळवावं की नाही, यावर मी आठवडाभर विचार केला. शेवटी फोन लावला. नाव सांगितलं, बर्फ काढणारा, म्हणालो. तिने ओळखलं. राइली गेली, असं सांगितलं, कशाने ते सांगितलं नाही.

"किती वयाच्या होत्या?"

"त्र्याहत्तर."

मागे कुठेतरी नळ वाहत होता, तो तिने बंद केला.

"मी त्यांना पत्र लिहायला घेतलं होतं," ती म्हणाली. "दोनदा."

"काय लिहिलं होतं?"

"दोन्ही वेळा वेगवेगळं." मग तिने आभार मानले आणि फोन ठेवला.