पिशवीतला पृथ्वीगोल

"हा प्रकल्प बाद करा," असं म्हणून जाधव सर पुढच्या टेबलाकडे वळले.

सेनगावच्या एका शाळेत तालुक्याचं प्रदर्शन होतं. मी निवृत्त भूगोल शिक्षक, परीक्षक म्हणून गेलो होतो. पत्नी गेल्यानंतर घेतलेलं पहिलंच काम. जाधव सर विज्ञानाचे, दुसरे परीक्षक. भूगोल गटातून एकच प्रकल्प हिंगोलीला, जिल्ह्याच्या प्रदर्शनाला जाणार होता.

त्याच शाळेतल्या, नववीच्या शीतलने जगातली मोठी सरोवरं मोजली होती. भिंतीवरच्या नकाशावर ट्रेसिंग पेपर धरायचा, सरोवराची कड गिरवायची, मग तो पेपर आलेखाच्या कागदावर ठेवून चौकोन मोजायचे. पद्धत चांगली. पहिलं कॅस्पियन, तेही बरोबर. नावात समुद्र असला तरी चारी बाजूंनी जमीन, म्हणून सरोवरच. घोटाळा पुढे होता. आफ्रिकेतलं व्हिक्टोरिया जगात तिसरं. शीतलच्या तक्त्यात कॅनडातलं ग्रेट बेअर त्याच्या कितीतरी वर चढलं होतं.

"पुस्तक बघितलं नाहीस का?" जाधव सरांनी तिला विचारलं.

"बघितलं सर. पण तीनदा मोजलं, तेच येऊन राहिलं. मंग पुस्तकातलं काहून लिहू?"

"म्हणजे पुस्तक खोटं आणि तू खरी?"

तिचे डोळे भरले. धीर देणारी वाक्यं मी अलीकडे इतकी ऐकली होती, की त्यातलं एकही तोंडात येईना. मी तिचा ट्रेसिंग पेपर घेतला आणि मोजायला बसलो. चौकोन बरोबर निघाले.

"सर, मोजणी चुकलेली नाही," मी म्हणालो. "नकाशा ताणलेला आहे."

पृथ्वी गोल, कागद सपाट. या प्रकारच्या नकाशात ध्रुवांकडचा भाग ओढून मोठा करावा लागतो. विषुववृत्तावरचं व्हिक्टोरिया आहे तेवढंच राहतं, उत्तर टोकाजवळचं ग्रेट बेअर फुगतं.

"पृथ्वीगोलावर बघितलंस का कधी?" मी शीतलला विचारलं.

"हाय ना सर शाळेत. हेडसरच्या कपाटावर. पिशवीत."

मुख्याध्यापक शेजारीच होते. ते घाईने म्हणाले, "तपासणीला काढतो सर आम्ही. पोरं गरगर फिरवतात. मागचा गोल तसाच खिळखिळा झाला."

"मग आज तपासणीच समजा."

जाधव सर हसले. स्वतः खुर्चीवर चढून त्यांनी गोल काढला. प्लास्टिकची गाठ सुटेना, शेवटी कात्री मागवली.

शीतलने दोन्ही सरोवरं गोलावरून गिरवली आणि कागद एकावर एक धरले.

"अगं माय! एवढुसंच हाय की हे ग्रेट बेअर!"

व्हिक्टोरिया दुपटीहून मोठं होतं.

"आता तक्ता बदलू का सर?"

"बदलू नकोस. शेजारी दुसरा लाव."

"चुकीचा तक्ता तसाच ठेवायचा?" जाधव सर म्हणाले.

"दोन्हींतला फरक हाच तर प्रकल्प आहे, सर."

त्यांनी पुन्हा दोन्ही कागद उजेडात धरून पाहिले. मग गुणांचा आकडा बदलून सही केली.

शीतल हिंगोलीला गेली. जीपमध्ये पृथ्वीगोल तिच्या मांडीवर होता, आणि या खेपेला त्यावर कोणी पिशवी चढवली नव्हती.

इतक्या वर्षांच्या नोकरीतून मी एवढंच सांगू शकतो: माप पटत नसेल तर मोजणाऱ्याला बोलण्याआधी पट्टी तपासावी.