भिंतीपलीकडचा तंबोरा

बांगडी हातात चढवण्याआधी कासारमामा ती दुसऱ्या बांगडीवर हलकेच वाजवायचे, मान तिरकी करून ऐकायचे आणि म्हणायचे, "बोलतीय का बगू." न बोलणारी बांगडी ते बाजूला ठेवत. समोर हात पुढे करून बसलेली बाई कितीही घाईत असो.

"आवं मामा, रानात जायचंय मला."

"जा की माय. पर मुकी बांगडी घालून जाऊ नको. चिरलेली असती ती. बांधावरच फुटंल."

बाई मुकाट्यानं पुन्हा हात पुढे करायची.

गावात सगळे त्यांना कासारमामाच म्हणत, म्हणून मीही तेवढंच म्हणते. शिरूरला त्यांचं घर आणि आमचं घर पाठीला पाठ लावून होतं. मध्ये एक मातीची भिंत, पुरुषभर उंच. पाऊस सरत आला की मामा तट्टावर बांगड्यांच्या माळा लादून गावोगाव निघायचे. लोक म्हणत, धंद्याला चालले. धंदा होताच, पण त्याच फेरीत ते दुसरंही एक काम उरकून येत. मामा तंबोरा वाजवायचे, आणि त्यांच्या चौघांच्या बैठकींचा येणारा हंगाम ते बांगड्या भरता भरता ठरवत. गायला माजलगावचे एक बुवा. सारंगीला मियाँजी, सरकारी फौजेतून उतरलेले म्हातारे सवार. तबल्याला आमच्याच गावचा शिंपी. दिवाळी झाल्यापासून शिमग्यापर्यंत पाच गावं, पाच बैठकी.

मामांना लिहिता येत नव्हतं. गाव ठरलं की उपरण्याला एक गाठ पडे. कोणती गाठ कोणत्या गावाची हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. एकदा मामींनी ते उपरणं धुवायला म्हणून गाठी सोडल्या, तर मामा दोन दिवस जेवले नाहीत, असं शिंपी सांगायचा. मामी म्हणत, "खोटं हाय. एकच दिस."

बैठक तिसऱ्या प्रहरीच व्हायची, हा मामांचा हट्ट. "रातच्याला गाणं ठेवलं की नुसते बाप्ये येतात. मग बायांनी ऐकायचं कवा?" त्यामुळे त्यांच्या बैठकीत भीमपलास आणि मुलतानी एवढे दुपारचेच राग चालतात, अशी थट्टा होई. मामांना त्याचं काही वाटत नसे.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. सतराव्या वर्षी नवरा पटकीनं गेला आणि सासरच्यांनी मला भावाकडे आणून सोडलं. दादा गावचा पटवारी. घरात मला कुणी वाईट वागवलं असं म्हणणार नाही. फक्त माझ्याशी कामापुरतंच बोलणं होई. मामा वहिनीला बांगड्या भरायला येत तेव्हा मी आत जात्याशी बसून राही. अशा वेळी आपण समोर जायचं नसतं, हे मला कुणी सांगावं लागलं नव्हतं. दळताना मी गायची. जात्यावर सगळ्याच बायका गातात, त्यात विशेष काय?

त्या वर्षी भाद्रपदात बुवांना मोठा ताप आला. आश्विनात ताप उतरला, पण आवाज गेला. हकीम म्हणाले, वर्षभर गाण्याचं नाव काढू नका. मामा नुकतेच फेरीवरून परतले होते, उपरण्याला पाचही गाठी होत्या. शिंपी म्हणाला, या साली राहू द्या. मियाँजी म्हणाले, मी एकटा वाजवतो. मामा उपरण्याच्या गाठी चाचपत बसले.

दुसऱ्या दिवशी ते आमच्याकडे आले. वहिनीच्या हातात चार बांगड्या चढवून झाल्या. मग जात्याकडे मान वळवून सरळ मला म्हणाले, "लेकी, तुझ्या हाताला माझ्याकडं काही न्हाई. गळ्याला हाय."

वहिनीचा हात तसाच हवेत राहिला.

दादा कचेरीचा कसलासा उर्दू कागद वाचत ओट्यावर बसला होता. तो उठून आत आला. "मामा, काय बोलताव? लोक काय म्हनतील?"

"लोक आधी ऐकतील, पटवारीसाब. मग म्हनतील."

"न्हाई जमायचं."

"बरं," असं म्हणून मामांनी माळा गोळा केल्या आणि गेले. इतक्या लवकर ते हार मानतील असं मला वाटलं नव्हतं, आणि खरं सांगते, मला रडू आलं. रडू कशाचं, तेही तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दळायला बसले, तर भिंतीपलीकडून तंबोरा सुरू झाला. अगदी भिंतीला टेकून. मामा आपल्या अंगणात तंबोरा लावत होते, मी आपल्या घरात दळत होते. यात कुणी कुणाला काय म्हणणार? थोड्या वेळानं सारंगीनं एक लहानशी ओळ वाजवली आणि थांबली. पुन्हा तीच ओळ वाजवली आणि थांबली. तिसऱ्या वेळी मी ती गायले.

पलीकडून भिंतीवर दगडानं दोन टकटकी आल्या.

ते बुवा होते, मामांकडे मुक्कामाला आलेले. आवाज नसल्यामुळे ते दगडानं शिकवत. चुकलं की एक टकटक, जमलं की दोन. पहिल्या आठवड्यात आमच्या भिंतीचे पोपडे निघाले, ते बहुतेक चुकांच्या टकटकीचेच. मी घाई करायची. मग मियाँजींचा आवाज यायचा, "हौलू, बेटी, हौलू." मामा काहीच सांगत नसत. त्यांचा तंबोरा मात्र क्षणभरही ढळला नाही. माझा सूर कुठेही भरकटला तरी परत यायला जागा असे. आयुष्यात तोवर मला अशी जागा कुठे मिळाली होती?

वहिनी पंधरा दिवस ऐकू येत नसल्यासारखी वागली. मग एका दुपारी ती येऊन जात्याशी बसली आणि मला कोपरानं ढकलून म्हणाली, "सरका तिकडं. मी दळते. दळताना तुमचा सूर हालतोय."

आणि दादा? तो तर त्याहून गमतीचा. एका सकाळी पाटोद्याला कचेरीत निघायच्या तयारीत असताना तो दारात घुटमळला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "ते दुपारचं... आज जरा लवकर लावा म्हनाव. मला जायचंय."

पहिली बैठक शिरूरचीच होती. ती मामांच्या अंगणात झाली, आणि मी भिंतीच्या या बाजूनं गायले. गाव तिकडे बसलं होतं. कोण गातंय ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी विचारलं नाही. तेलगावला वहिनी माझ्यासोबत गाडीतून आली. तिथं एका घराच्या पडवीत पडदा लावला होता. गाणं संपल्यावर पडद्याखालून एक सुरकुतलेला हात आत आला, त्यात मूठभर भाजलेल्या शेंगा. "खा गं माय, लई दमलीस." पुढे मला मानाच्या शाली मिळाल्या, पण त्या शेंगांची चव त्यांना नाही.

तिसरी बैठक माजलगावला होती, एका धान्याच्या आडत्याकडे. आमची गाडी दारात थांबली तेव्हा आडते बाहेर आले. ते मामांशी बोलले, पण मला ऐकू जाईल असंच बोलले.

"कासारमामा, तुमी या, समदे या. ती बाई न्हाई. घरात पोरीचं लगीन हाय. असली बाई आत कशी घेऊ?"

शिंपी म्हणाला, "ताईंना गाडीतच बसू द्या. आपण सारंगीवर निभावू." तो वाईट माणूस नव्हता. इतक्या लांब आलो होतो, बुवांच्या गावात तोंड दाखवायचं होतं.

मामा आडत्यांना म्हणाले, "बरं." मग गाडीवानाला म्हणाले, "फिरव गाडी. नदीवर घे."

सिंदफणेच्या काठी बायका धुणं धूत होत्या. मामांनी सपाट जागा पाहून सतरंजी टाकली, तंबोरा काढला आणि हातात पडदा घेऊन आजूबाजूला पाहू लागले. ना झाड, ना खांब.

"हितं पडदा कशाला टांगू, लेकी?"

मला आठवतं, त्यांनी खरंच विचारलं होतं. मी म्हटलं असतं गाडीआड बसते, तर त्यांनी गाडी आडवी लावली असती. मी बायकांकडे पाहिलं. त्या धुणं थांबवून माझ्याकडे बघत होत्या, माझ्या कपाळाकडे, माझ्या हातांकडे. मी पदर डोक्यावर ओढला आणि म्हटलं, "नको. राहू द्या पडदा."

तंबोरा सुरू झाला. माझ्या गळ्यातून काही येईना. एकदा तोंड उघडलं, नुसती हवा आली. दुसऱ्यांदाही तेच. मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वाजवता वाजवता हळूच म्हणाले, "लागंल. मी हाय हितं."

लागला. मुलतानी होता. किती वेळ गायले ते सांगता येणार नाही. मधे कधीतरी लक्षात आलं की धोपटण्याचे आवाज केव्हाच थांबलेत, ओले पिळे मांडीवर घेऊन बायका सतरंजीच्या कडेला येऊन बसल्यात. मग बाजारातले हमाल आले. शेवटी एक म्हातारी एका मुलीचा हात धरून चालत आली आणि सगळ्यांच्या पुढे बसली. मुलीचे हात हळदीनं पिवळे होते. ती आडत्यांची आई होती, आणि ती मुलगी म्हणजे जिचं लग्न होतं तीच.

"माज्या नातीला ऐकू दे," म्हातारी म्हणाली. "तिचा बाप बसू दे घरात."

परतताना गाडीत मी मामांना विचारलं, "तुम्ही दारात त्यांना एक उलट शब्दही का बोलला नाहीत?"

"दारात भांडलो असतो तर तुला रडू आलं असतं. मग गळा बसला असता," मामा म्हणाले. "पुढं गायचं हुतं ना?"

त्यानंतर मी कित्येक हंगाम गायले. बुवांचा आवाज अर्धा परत आला. मग वरचा माझा, खालचा त्यांचा, असं आम्ही दोघं गाऊ लागलो. वहिनी मामांकडून तंबोरा शिकली. मी गाणारी झाले, तेवढ्यानं माझ्याशी सारे बोलू लागले असं नाही. पण ज्यांनी बोलावं असं मला वाटे ते सगळे बोलू लागले.

एका आश्विनात मामा फेरीला गेले ते परत आले नाहीत. डोंगराच्या पायथ्याच्या एका धनगरवाडीत त्यांना ताप भरला आणि तिसऱ्या दिवशी गेले. वाडीतल्या लोकांनीच त्यांचं सगळं केलं. मग एक धनगर मामांचं तट्टू घेऊन शिरूरला आला. माळांमधली एकही बांगडी फुटली नव्हती. तो मामींच्या अंगणात खाली मान घालून उभा राहिला.

"मामानं आमच्या वाडीला बैठक कबूल केली हुती. म्हनले, माजी लेक गाती, तिला घिऊन येतो. आमी ते मागायला न्हाई आलो. नुसतं सांगायला आलोय."

पौषात आम्ही गेलो. बुवा, मियाँजी, शिंपी, तंबोऱ्याला वहिनी आणि मी. कधी येणार ते कळवायला कुणी नव्हतं, तसेच निघालो. वाडी दहा-बारा घरांची. माणसं मेंढ्यांमागं रानात गेलेली. मधल्या मोकळ्या जागेत एक म्हातारी बसली होती. तिच्यापुढची जमीन नुकतीच सारवलेली, अजून ओली होती.

मी विचारलं, "आज काही सण आहे का, आजी?"

"न्हाई माय. तुमी कवा येणार ते ठावं नव्हतं," ती हात पुसत उठली. "म्हून रोज सारवीत हुते."