बारा आणे ताप

आधी पदराला हात पुसायचा, मग उलटा हात स्वतःच्या गळ्याला लावायचा, आणि मग पोराच्या. मावशींची ही पद्धत. "आधी माजा, मंग तुजा," असं पोराला सांगायच्या आणि डोळे मिटून घ्यायच्या. उघडले की आकडा सांगायच्या, तोही आण्यांत. "आठ आणे हाय. काढा द्या, निजू द्या." किंवा "बारा आणे. डॉक्टरकडं न्या, आत्ताच्या आत्ता."

तुमच्याही ओळखीत असतील हो अशा बायका, नीट आठवून बघा.

मावशी खाडीकाठच्या कोळ्यांच्या. नौपाड्यातल्या एका प्रसूतिगृहात आया म्हणून जन्म काढला आणि म्हातारपणी कोपरीत आमच्या चाळीत राहायला आल्या. हाताखालून इतकी बाळं गेलेली की हाताला आपोआप कळायचं. आमच्या डॉक्टरांनासुद्धा त्यांचं गणित पाठ होतं. बारा आणे म्हणजे एकशे दोन. मूल टेबलावर ठेवलं की ते पहिलं विचारायचे, "मावशी काय म्हणाल्या?"

जिभेलाही धार होती. माझे यजमान एकदा ताप म्हणून कामावर गेले नाहीत. मावशींनी हात लावला आणि म्हणाल्या, "चार आणे ताप, बारा आणे आळस." दुसऱ्या दिवशी हे निमूट गेले.

त्या वर्षी माझे धाकटे दीर जर्मनीहून आले आणि मला थर्मामीटर देऊन गेले. निळ्या डबीत, आत मखमल. माझं शिक्षण सातवीपर्यंत, पण वाचायची हौस दांडगी. चाळीतल्या बायका पत्रं वाचून घ्यायला माझ्याकडे यायच्या. आता ताप बघायलाही येतील, असं मनात आलं. खोटं कशाला सांगू, हुरळले होते मी.

एका दुपारी शेजारची दोन वर्षांची मुलगी तापली. मावशींनी हात लावला. "बारा आणे."

"थांबा," म्हटलं, "आपण नीट मोजू." आणि डबी घेऊन आले. दारात चार-पाच जणी जमलेल्या. त्या काचेवरचे आकडे आपल्यासारखे नव्हते. सदतिसावर तांबडा बाण होता. मी डोकं चालवलं. आपल्याकडे अठ्ठ्याण्णवच्या पुढे बाण असतो, यांचा इथे आहे, एवढाच फरक. पारा बाणाच्या वर दोन घरं होता. म्हणजे दोन डिग्री जास्त. म्हणजे शंभर.

"शंभरच आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "चार आणे. मावशी, हात म्हातारा झाला हो तुमचा."

बायका हसल्या. मावशी स्वतःच्या हाताकडे बघत राहिल्या. "आसल गो," एवढंच म्हणाल्या.

मुलीच्या आईने डॉक्टरकडे जायचं दुसऱ्या दिवसावर टाकलं. दिवेलागणीला पोरीला आकडी आली. डोळे फिरले, अंग ताठ झालं. उचलून धावलो. डॉक्टरांनी वाचवली. नंतर त्यांनी विचारलं, "दुपारी किती होता?"

आई म्हणाली, "मावशी बारा आणे म्हणत होत्या, पण वहिनींच्या थर्मामीटरवर शंभरच होता."

"मग संध्याकाळी एकदम चढला असेल," डॉक्टर म्हणाले. "मावशींचंही आता वय झालं." मावशी दाराशीच उभ्या होत्या.

मला काही चैन पडेना. दिरांना पत्र टाकलं. उत्तर आलं, वहिनी, तो सेल्सिअसचा आहे. तिकडची एक डिग्री म्हणजे आपल्या जवळजवळ दोन. सदतीसच्या वर दोन म्हणजे आपले एकशे दोन.

एकशे दोन. बारा आणे.

पत्राची घडी घालून ट्रंकेत साड्यांच्या तळाशी ठेवली. उद्या सांगू, म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी नळावर बायका म्हणत होत्या, बरं झालं वहिनींकडे यंत्र आहे. मी हंडा भरून घेतला आणि आले. मावशींना कुणी बोलवायला गेलंच, तर त्या म्हणायच्या, "हात म्हातारा झालाय माजा. काचवालीकडं जा." माझेच शब्द. पुढे त्या ठाकुर्लीला लेकीकडे राहायला गेल्या. चाळीतून एकही बाई निरोप द्यायला गेली नाही. मीही नाही.

आठ वर्षं ते पत्र ट्रंकेत होतं. मावशींनी अंथरूण धरल्याचं कळलं तेव्हा मी ते घेऊन ठाकुर्लीला गेले. वाचून दाखवलं.

"मला तवाच ठाव होता," मावशी म्हणाल्या. "पोरीची मान माज्या हाताखाली होती ना."

"मग मावशी, कुणाला सांगितलं का नाहीत?"

"सांगायचा काम तुजा होता."

परतल्यावर आधी शेजारणीचं दार वाजवलं. तिने पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. म्हणाली, "वहिनी, त्या दिवसानंतर मी मावशींना दारात उभं केलं नाही. त्याचं काय करू मी आता?" मग नळावर जाऊन बाकीच्यांनाही सांगितलं. हंडे तेवढे वाजत राहिले.

रविवारी शेजारीण मुलीला घेऊन ठाकुर्लीला निघाली. मीही मागोमाग गेले. दहा वर्षांची धडधाकट पोर. तिला खाटेशी बसवून आई म्हणाली, "मावशी, जरा बघता का, हिला ताप वाटतोय."

मावशींनी पदराला हात पुसला. उलटा हात आधी आपल्या गळ्याला लावला, मग तिच्या. डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत.

"एक आणा बी नाय," त्या म्हणाल्या आणि हसल्या. शेजारीण खाटेच्या काठावर डोकं ठेवून रडायला लागली.

मी उंबऱ्यापाशीच उभी होते. त्या दिवशी माझं अंग खरंच कसकसत होतं. मावशींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. त्यांनी मला जवळ बोलावलं नाही, आणि मान पुढे करायचा धीर मलाही झाला नाही. महिन्याभरात त्या गेल्या.