दोन कांड्या शिल्लक

माझ्या मामेसासऱ्यांनी उभ्या आयुष्यात एकही खोटा आकडा लिहिलेला नाही, आणि दिसलेला एकही आकडा न लिहिता सोडलेला नाही. भिलाईच्या पोलाद कारखान्यात, भट्टीच्या कंट्रोल रूममध्ये त्यांची पस्तीस वर्षं गेली. समोर भिंतभर मीटर. दर तासाला उठायचं, एकेका मीटरसमोर उभं राहायचं, काटा कुठं आहे ते वाचायचं आणि लॉगबुकात उतरवायचं. निवृत्त झाले तेव्हा मीटर तिथंच राहिले, पण तासातासाला उठून बघायची सवय घरी आली. भिलाईतल्याच हुडको वसाहतीतल्या त्यांच्या घरी पाहुणा गेला की हातात पाण्याचा ग्लास येण्याआधी त्याला कळतं की बाहेर किती डिग्री आहे, कूलरच्या टाकीत किती बोटं पाणी उरलंय आणि काल संध्याकाळी व्होल्टेज कितीवर घसरलं होतं. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्या पाया पडलो तेव्हा आशीर्वादाचा हात माझ्या डोक्यावर होता आणि नजर माझ्या मनगटावर. "जवाई, घडी दोन मिनिट मागं हाय तुमची," ते म्हणाले. हा आशीर्वादाचाच भाग होता की वेगळी सूचना, हे मला अजून कळलेलं नाही.

गुडघ्यांनी त्यांची साधी सायकल सोडवली, तेव्हा मुलीनं त्यांना इलेक्ट्रिक सायकल घेऊन दिली. हँडलवर हाताच्या पंज्याएवढा डिस्प्ले. त्यावर वेग, आजचं अंतर, एकूण अंतर, मोटर किती जोर लावतेय त्याचा एक ते पाच आकडा, आणि कोपऱ्यात बॅटरीचं चित्र, आत पाच आडव्या रेघा. मामाजी त्या रेघांना कांड्या म्हणतात आणि आता सगळं घर कांड्याच म्हणतं. दुसरा कोणी असता तर सायकल घेऊन आधी गल्लीत चक्कर मारून आला असता. मामाजींनी ती स्टँडवर उभी केली, समोर खुर्ची घेतली आणि तीन दिवस माहितीपुस्तक वाचलं. चौथ्या दिवशी ते सायकलवर न बसता ती ढकलत दुकानात गेले, कारण त्यांच्या बारा शंका होत्या. शंका विचारता विचारता ते दर वेळी डिस्प्लेच्या काचेवर बोटानं दोनदा टकटक करत आणि मगच आकडा वाचत. जुन्या मीटरचे काटे अडकायचे, टिचकी मारल्याशिवाय खरं बोलायचे नाहीत. दुकानदार शेवटी म्हणाला, "अंकल, ये डिजिटल है, इसमें काँटा नहीं होता." मामाजी शांतपणे म्हणाले, "काँटा नहीं है तो क्या हुआ, उसको मालूम तो पड़ना चाहिए कि कोई देख रहा है." दुकानदारानं उरलेल्या शंका न ऐकताच सगळ्यांना हो म्हणून टाकलं.

हळूहळू त्यांनी त्या डिस्प्लेचा स्वभाव ओळखला. त्यांचं एक मत असं की चढावर दिसणाऱ्या कांड्या खऱ्या नसतात. ओव्हरब्रिज चढताना मोटर जोर घेते, बॅटरी दबते, आणि चारच्या दोन कांड्या होतात. उतरून गाडी शांत झाली की गेलेल्या कांड्या परत येतात. हे अगदी बरोबर आहे, बॅटरीचं तसंच असतं. पण आपण ते वाचून सोडून देतो. मामाजी सुरुवातीला पुलाच्या माथ्यावर उतरून उभे राहत आणि कांड्या परत आल्याशिवाय हलत नसत. एकदा मागं ट्रक, ऑटो, शाळेची व्हॅन, सगळी रांग लागली. ट्रकवाला खाली उतरून म्हणाला, चाचा, बंद पड़ गई हो तो ट्रक पे चढ़ा दूँ? मामाजींनी हात वर करून त्याला थांबवलं. "रुको दो मिनिट, एक कांडी वापस आई है, दूसरी आ रही है." दुसरी आली. त्यांनी खिशातल्या डायरीत वेळ लिहिली, ट्रकवाल्याला नमस्कार केला आणि निघाले.

चार्जिंगचा कायदा तर वेगळाच. घरी आल्यावर बॅटरी काढून अर्धा तास सावलीत निववायची, मग प्लग लावायचा. चार्जरचा दिवा लाल आहे तोवर कोणीतरी त्याच्याजवळ हजर पाहिजे. कारखान्यात पुढच्या पाळीचा रिलिव्हर आल्याशिवाय कोणी पोस्ट सोडत नाही, मग तुमची पाळी संपून दोन तास होवोत. मामाजींनी हा नियम घरातल्या हॉलला लागू केला. त्यांना आंघोळीला जायचं असलं की ते मामींना हाक मारतात, मामी कणकेच्या हातानं येऊन समोर उभ्या राहतात, मामाजी म्हणतात, "दिवा लाल, चार्जर हलका कोमट, वास नाही," आणि मामींनी "घेतलं" म्हटल्याशिवाय टॉवेलला हात लावत नाहीत. मामी मला एकदा म्हणाल्या, "माह्या बाळंतपणात नाही बसले बापा इतके."

आता त्यांच्या मोठ्या बहिणीबद्दल सांगायला हवं, कारण ही सायकल खरी चालत होती ती तिच्यासाठी. मामाजी त्यांना बाई म्हणतात, आम्ही मोठी मावशी. ऐंशी ओलांडलेल्या, यजमान रेल्वेत गार्ड होते ते गेले, मुलगा पुण्याला. भिलाईला लागून असलेल्या दुर्ग शहरात, मोहन नगरात त्या एकट्या राहतात आणि तिथून हलायला तयार नाहीत. एकटीसाठी दुपारचा स्वयंपाक कशाला, म्हणून चहा-टोस्टवर दिवस काढायच्या, वर रिकाम्या पोटी गोळ्या घ्यायच्या. एकदा भोवळ येऊन अंगणात पडल्या. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं की यांनी दुपारी वेळेवर जेवलं पाहिजे, दुसरं औषध नाही. पण मावशींना सोबतीचा भारी राग. कोणी बसायला गेलं की दहाव्या मिनिटाला त्याला दारातल्या त्याच्या चपला दाखवत. "माह्यापाशी ड्युटी कराले येऊ नका. मी बिमार नाही. जा, आपले कामं करा." स्वयंपाकाला बाई ठेवली, ती हाकलली. डबा लावला, तो शेजारच्या कुत्र्याला गेला.

मामाजी रोज सकाळी डबा घेऊन जात. त्यांनाही तेच ऐकावं लागे. पण दोन-तीन वर्षांत बॅटरी म्हातारी झाली आणि एक दिवस मोहन नगरला पोचेपर्यंत डिस्प्लेवर दोनच कांड्या उरल्या. परतायला त्या पुरणार नव्हत्या. मामाजींनी तिथंच प्लग लावला. नियमाप्रमाणे चार तास हलता येत नव्हतं. आणि गंमत म्हणजे मावशींना हे पटलं. गार्डाच्या बायकोला हे समजावून सांगावं लागत नाही की सिग्नल मिळाल्याशिवाय गाडी सोडत नसतात. माणूस आपल्यासाठी थांबलेला त्यांना चालत नव्हता, गाडीसाठी थांबलेला चालत होता. मग बसल्या बसल्या दोघं जेवू लागले. जेवणानंतर मामाजींना डुलकी लागायची, तेव्हा मावशी रिलिव्हर म्हणून लाल दिव्यासमोर बसायच्या, आणि दिवा बदलला की भावाला हलवून उठवायच्या, "उठ गा, हिरवा आला. जा आता." दोन-चार महिन्यांत मावशींच्या गालावर मांस दिसायला लागलं. पुढं त्या स्वतः फाटकाशी येऊन डिस्प्लेत डोकावू लागल्या. दोन कांड्या असल्या तर, "थांबा लागते तुले." एखाद्या दिवशी वारा पाठीमागून असला आणि तीन निघाल्या तर, "तीन हायेत, पोचशीन. जा." आणि मामाजी डबा ठेवून परत.

इथं मी शहाणपणा केला. मला यातलं फारसं माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की एक म्हातारा माणूस रोज जुन्या बॅटरीपायी चार तास अडकून पडतो. त्यांच्या वाढदिवसाला मी नवी बॅटरी आणून दिली, दुप्पट अंतर जाणारी. मामाजींनी ती उलटसुलट करून पाहिली, व्होल्ट मोजले, "चांगली हाय," म्हणाले आणि जुनी बॅटरी फडक्यानं पुसत बसले. मला वाटलं, भरून आलंय.

आठवड्यानं मामींचा फोन आला. मोहन नगरला आता चार कांड्या घेऊनच सायकल पोचते, बाई चार पाहते आणि उभ्या उभ्या परत पाठवते. डबा न उघडलेला मिळतो. काल शेजारणीनं सांगितलं, पुन्हा भोवळ आली होती. मी लगेच मामाजींना फोन लावला. म्हटलं, सोपं आहे, डिस्प्ले बंद करून जा आणि सांगा दोनच उरल्यात. मग ते म्हणाले, "जवाई, खोटं रीडिंग सांगू मी? तेही बाईले?" आणि फोन ठेवून दिला.

पुढच्या आठवड्यात माझ्या सुट्टीच्या दिवशी मी सकाळी भाजी घ्यायला निघालो, तर भिलाईतल्या आमच्या सेक्टर दहाच्या रस्त्यावर समोरून मामाजी आले. हँडलला डबा, लख्ख उन्हात दिवा लावलेला, मोटरचा आकडा पाचवर, पाय पायडलवर नुसते ठेवलेले. ते गेले. पाच मिनिटांनी पुन्हा त्याच दिशेनं आले. तिसऱ्या खेपेला मी स्कूटर आडवी घातली.

"मामाजी, काय करून राहिले तुम्ही?"

"बॅटरीले लोड देऊन राहिलो."

"कावून पण?"

ते उतरले, सायकल सावलीत घेतली, दोन मिनिटं तिला शांत होऊ दिलं आणि मग डिस्प्ले पाहिला. "चार हायेत अजून. इथून चारवर निघालो त बाईकडं तीन राहतात. तीनवर बाई बसू देत नाही. इथं तीन झाल्या पायजे." हे त्यांनी चार दिवसांत मोजून काढलं होतं. आकडा खोटा सांगायचा नव्हता, म्हणून ते तो खरा करत होते.

मला फार ओशाळवाणं झालं. मी म्हटलं, जुनी बॅटरी परत लावू, ती अजून आहे ना घरी. त्यांनी मान हलवली. "कायले? नवी चांगली हाय. तुमी प्रेमानं आणली. मी घरून जरा लवकर निघतो, बस."

त्यांच्या मागं मागं मीही चकरा मारल्या. किती झाल्या ते मी मोजलं नाही, त्यांनी नक्की मोजलं असेल. शेवटी ते थांबले, दोन मिनिटं गेली, आणि म्हणाले, "तीन." त्यांनी दिवा मालवला. मी म्हटलं, मी पण येतो आज मावशींकडे, बसतो जरा.

त्यांनी माझ्या स्कूटरकडे पाहिलं. "टाकीत पेट्रोल किती हाय?"

"अर्धी टाकी असेल."

"मंग तुमाले बाई बसू देणार नाही," ते म्हणाले, आणि दुर्गच्या रस्त्याला लागले.

मी तिथंच उभा राहिलो. नागपूरला माझी आई एकटी असते. मी तिच्याकडे जातो तेव्हा चपला काढता काढताच सांगतो की संध्याकाळची परतीची गाडी आहे, आणि ती लगेच पोळ्या टाकायला उठते.