दारातल्या मिठीत मावणारं पिस्तूल

समजा, तुम्हाला एक वस्तू विकत घ्यायची आहे. ती कायम अंगावर असायला हवी, पण आहे हे कुणालाही कळता कामा नये. गरज पडली तर क्षणात हातात यायला हवी, आणि ती गरज कधीच पडू नये अशी रोज प्रार्थनाही करायची आहे. बसताना टोचू नये, वाकताना दिसू नये. एवढं जमलं असेल तर आता शेवटची अट. दर रविवारी सकाळी तुम्हाला एका दारात उभं राहायचं आहे, आणि आत येणारा प्रत्येक माणूस तुम्हाला कडकडून मिठी मारणार आहे.

आता निवडा.

हार्लन टॅकेटला ही निवड करायला वसंतापासून पानगळीपर्यंत वेळ लागला.

पूर्व टेनेसीतल्या स्लेट फोर्क या आमच्या गावात हार्लन वजनकाटे दुरुस्त करतो. पशुखाद्याची गिरणी, भंगारवाला, लाकडाचे ट्रक, जिथे जिथे काही तोललं जातं तिथे तो आणि मी, त्याचा मराठी मदतनीस, एकाच गाडीतून जातो. हार्लन आठवडाभर फारसं बोलत नाही. काट्यावर प्रमाणित वजन ठेवतो, आकडा बघतो, ‘हं’ म्हणतो. ‘हं’चे दोन प्रकार आहेत आणि गिऱ्हाइकांना दोन्ही ओळखता येतात.

रविवारी मात्र तो चर्चच्या दारात उभा असतो. तिथेही बोलत नाही, पण मिठी मारतो. तरुणपणी त्याला हे काम मिळालं, कारण दाराशेजारच्या बाकावर बसणारा तो एकटाच होता. तेव्हापासून दार त्याचं. मिठी मारून झाली की उजव्या खिशातून पेपरमिंटची गोळी काढून तो समोरच्याच्या हातावर ठेवतो. कागदात गुंडाळलेली, ठिसूळ, तोंडात घातली की विरघळणारी. उपदेश लांबला की सगळ्या बाकांवरून कागदांची कुरकुर ऐकू येते. पाळक ब्रदर डेलबर्ट त्यावरून ओळखतात की आता आटोपतं घ्यावं.

वसंतात चर्चची सभा झाली. दूरच्या कुठल्या कुठल्या चर्चमध्ये काय काय घडलं याच्या बातम्या सगळ्यांनी ऐकल्या होत्या. उपासनेच्या वेळी काही पुरुषांनी पिस्तूल बाळगावं, कोणाकडे आहे ते गुप्त राहावं, असा ठराव आला. ठराव बीन्स आणि कॉर्नब्रेडच्या जेवणाआधी मांडला गेल्यामुळे चर्चा लांबली नाही. या पुरुषांचा प्रमुख म्हणून गारलँड मूडीला नेमलं. खत-बियाण्याचं दुकान त्याचं, आणि त्याच दुकानाच्या मागच्या अर्ध्या भागात बंदुका.

जेवताना गारलँड हार्लनशेजारी येऊन बसला.

“आत येणारा पहिल्यांदा कुणाला दिसतो?”

“मला.”

“मग पहिला माणूस तू.”

“मी घरी रायफल ठेवतो. हरणासाठी.”

“हरीण मिठी मारायला येत नाही, गड्या. छोटं काहीतरी घे. आणि हे बघ, नको असेल तर सांग, राग नाही. मग दार आपण दुसऱ्या कुणाला देऊ.”

हार्लनचा घास तसाच राहिला. “दार नको देऊ,” तो म्हणाला.

आमच्या गावात माणसाच्या आजारपणावर सल्ला हवा असेल तर तो मागावा लागतो. पिस्तुलावर न मागता मिळतो. सकाळी न्याहारीच्या हॉटेलात टपाल वाटणाऱ्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत प्रत्येकाने हार्लनला काय घ्यायचं ते सांगितलं, आणि तुला पिस्तूल कशाला हवंय असं कोणी विचारलं नाही. कारण हे गुप्त होतं.

गारलँडने दुकानात काचेवर कापड अंथरलं आणि पहिल्यांदा तळहातात मावेल असं पिस्तूल ठेवलं.

“हे लपेल.”

हार्लनने ते धरलं. मुठीत दोन बोटं बसली, करंगळी आणि शेजारचं बोट हवेत राहिलं, चहाचा कप धरल्यासारखं. दुकानामागच्या, नेमाच्या सरावासाठी घातलेल्या मातीच्या बांधावर जाऊन त्याने दहा-बारा गोळ्या झाडल्या आणि हात झटकत परत आला.

“एवढंसं आहे आणि एवढं उसळतं?”

“एवढंसं आहे म्हणूनच उसळतं. वजनच नाही ना धक्का खायला. मोठ्या पिस्तुलाचा धक्का पिस्तूल खातं, छोट्याचा तू खातोस.”

“मग लोक हे का घेतात?”

“दुकानात हलकं वाटतं म्हणून. महिन्याभरात परत आणतात. मी ते पुन्हा विकतो. यातली काही माझ्याकडे चौथ्यांदा आली आहेत.”

मग पाच गोळ्यांचं आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर. ते हार्लनला आवडलं. साधं यंत्र, अडकायला काही नाही, चाप ओढला की चक्र फिरतं. चाप जड होता, पण त्याचे हात वजनं उचलून तयार झालेले आहेत. अडचण एकच होती, ते मधोमध फुगीर होतं.

“सरावाला घरी ने,” गारलँड म्हणाला. “रिकामं ठेव, आणि बायकोला मिठी मार.”

रूथअ‍ॅन टॅकेट बिस्किटांचं पीठ मळत होती. हार्लन स्वयंपाकघरात गेला आणि हात पसरून उभा राहिला.

“काय झालं? कोण गेलं?” तिने विचारलं.

“कोणी नाही. मिठी मार.”

तिने पिठाचे हात बाजूला धरून मिठी मारली. “उजवीकडे. कमरेला,” तिने लगेच ओळखलं.

तो आत गेला आणि रिव्हॉल्व्हर पोटाशी खोचून आला.

“पोटाशी. अरे, मला वाटलं तू पट्ट्याला मोठं बक्कल लावलंस.”

मग पाठीशी. तिचा हात थेट त्याच्यावरच पडला. “आता तर मूठच माझ्या हातात आली.”

मग घोट्याला. ते तिला सापडलं नाही. हार्लन खूश झाला. रूथअ‍ॅन म्हणाली, “आता काढून दाखव.” तो वाकला. त्याचा उजवा गुडघा तीन वर्षांपासून ऐकत नाही. टेबलाला धरून, एक पाय खुर्चीवर घेऊन, त्याने एकदाचं काढलं. रूथअ‍ॅन तोवर बिस्किटं ओव्हनमध्ये सरकवून आली होती.

“त्या माणसाला आधीच सांगून ठेव,” ती म्हणाली. “म्हणावं, बस जरा, पाणी घे, मी वाकतोय.”

उरला खिसा. मिठी मारताना मांडीला मांडी लागत नाही, हा हार्लनचा शोध. त्याने गारलँडकडून एक छोटं पण मघाच्या तळहातातल्यापेक्षा जरा मोठं पिस्तूल घेतलं, चाप पूर्ण झाकणारं खिशातलं होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, घेतलं आणि पँटच्या उजव्या खिशात ठेवलं. रूथअ‍ॅनने मिठी मारली, दोनदा मारली. “नाही बाई,” ती म्हणाली. हार्लन ‘हं’ म्हणाला. चांगल्यातला.

जूनपासून तो तसा दारात उभा राहू लागला. कुणाला काही कळलं नाही. जुलैत गारलँडने तपासणीसाठी सगळ्यांना बांधावर बोलावलं. हार्लनने खिशातून पिस्तूल काढलं आणि नेम धरला. पहिली गोळी सुटली. दुसरी सुटली नाही. वरचा सरकता भाग अर्ध्यातच अडकून राहिला होता.

गारलँडने पिस्तूल मोकळं केलं, आत बोट फिरवलं आणि बोटाचा वास घेतला. मग चाखून पाहिलं.

“हार्लन, हे काय आहे?”

हार्लनने उजवा खिसा उलटा करून दाखवला.

“पेपरमिंट आहे हे!”

पिस्तुलाच्या वजनाने खिशातल्या गोळ्यांचा चुरा झाला होता. जुलैच्या घामाने चुऱ्याचा पाक झाला होता आणि पाक सगळ्या फटींत जाऊन वाळला होता. इतकी वर्षं दुकान चालवून गारलँडने गंजलेली, मातीत पुरलेली, एकदा तर गाईने चाटलेली बंदूक साफ केली होती. गोड हे पहिलंच.

“ज्या खिशात पिस्तूल त्या खिशात दुसरं काही नाही,” तो म्हणाला. “किल्ली नाही, नाणं नाही, रुमाल नाही. गोळ्या डाव्या खिशात ठेव.”

“मी उजव्या हाताने देतो.”

“डाव्याने दे. येशूने काही म्हटलेलं नाही त्यावर.”

इथे मिस व्हर्डी स्टॅलार्डबद्दल सांगायला हवं. त्यांचं वय नव्वदीला टेकलं आहे, नजर अधू आहे, नवऱ्याला जाऊन बराच काळ झाला आणि मुलगा ओहायोत असतो. शेजारीण त्यांना गाडीतून आणते आणि पायऱ्यांपाशी सोडते. तिथून त्या कठड्याला धरून येतात, थेट हार्लनच्या छातीवर डोकं टेकवतात आणि इतरांपेक्षा जास्त वेळ टेकवून ठेवतात. मागे रांग थांबते. कोणी घाई करत नाही. एकदा त्या म्हणाल्या होत्या, “बाळा, आठवड्यात मला हात लावणारी दोनच माणसं आहेत. एक तू आणि एक माझा रक्तदाब बघणारी पोरगी. तिचे हात गार असतात.”

ऑगस्टातल्या पहिल्या रविवारी मिस व्हर्डी आल्या. डोकं टेकवून झालं. त्यांनी हात पुढे केला. हार्लनचा उजवा हात सवयीने उजव्या खिशात गेला आणि पिस्तुलाच्या मुठीवर बसला.

तो तसाच उभा राहिला. हात काढला तर पिस्तुलाची मूठ मोकळी दिसेल असं त्याला वाटलं, आणि न काढला तर समोर मिस व्हर्डींचा उघडा तळवा. मागे रांगेत ब्रदर डेलबर्टची बायको अंडी-सॅलडचं भांडं घेऊन उभी होती.

“काय रे, संपल्या का?” मिस व्हर्डींनी विचारलं.

“हो,” हार्लन म्हणाला. देवाच्या दारात उभं राहून, डावा खिसा भरलेला असताना.

“असू दे,” त्या म्हणाल्या आणि रिकामा तळवा मिटून आत गेल्या.

सोमवारी गाडीत तो एकदाही ‘हं’ म्हणाला नाही. गुरुवारी खिशातलं पिस्तूल गारलँडला परत केलं. गारलँड म्हणाला, “आता तरी माझं ऐक. लहान नको बघूस, चपटं बघ. लपवायची असते ती जाडी. लांबी पँटमध्ये जाते.” त्याने एक सडपातळ पिस्तूल दिलं, मूठ चारही बोटं बसतील एवढी. हार्लनने पुढचे कितीतरी शनिवार बांधावर घालवले. स्वच्छ असताना झाडलं, मळल्यावर झाडलं, मनगट मुद्दाम ढिलं धरून झाडलं. एकदाही अडकलं नाही. काट्यावर वजन ठेवावं तसं त्याने ते तपासलं आणि मगच मान्य केलं.

ते उजव्या कमरेच्या जरा मागे, पँटच्या आत बसलं. शर्ट बाहेर काढावा लागला. लग्नापासून आजवर चर्चमध्ये त्याने शर्ट खोचलेला होता. रूथअ‍ॅन म्हणाली, “लोकांना वाटेल मी तुला सोडून गेले.”

मिठीची अडचण गारलँडने सोडवली. डावा खांदा पुढे काढायचा, उजवी बाजू मागे ठेवायची, डाव्या हाताने समोरच्याचा खांदा जवळ घ्यायचा आणि पाठीवर दोन थापा द्यायच्या. उजवं कोपर खाली दाबून ठेवायचं. हार्लनने ती मिठी एकदा पाहिली आणि त्याच्या लक्षात आलं की चर्चमधले अर्धे पुरुष गेली कित्येक वर्षं त्याला अशीच मिठी मारत आहेत. त्याला वाटत होतं, ती माणसं लाजाळू आहेत.

पेपरमिंटच्या गोळ्या पुन्हा उजव्या खिशात आल्या. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी सगळं नीट झालं. मिस व्हर्डी आल्या, डोकं टेकवायला गेल्या. समोर छाती नव्हती, खांदा होता. हार्लनने दोन थापा दिल्या आणि हातावर पेपरमिंट ठेवलं.

“बरा आहेस ना, बाळा?”

“बरा आहे, मिस व्हर्डी. तुम्ही?”

“आहे अशी.”

पुढच्या रविवारी त्यांनी दुरूनच हात पुढे केला आणि हार्लनशी हस्तांदोलन केलं. त्याच्या पुढच्या रविवारी त्या शेजारणीला म्हणाल्या की पायऱ्या जड जातात, आणि बाजूच्या उताराच्या दाराने आत आल्या. त्या दारात कोणी उभं नसतं. मी मागच्या बाकावर होतो. उपदेश लांबला तेव्हा सगळीकडून कागदांची कुरकुर झाली. मिस व्हर्डींचे हात मांडीवर तसेच होते.

गारलँड खूश आहे. “सगळ्या टोळीत तुझं एकट्याचं कुणाच्या लक्षात आलेलं नाही,” तो हार्लनला म्हणाला. “मला माहीत आहे तरी मला दिसत नाही.”

काल आम्ही भंगारवाल्याच्या काट्यावर वजनं चढवत होतो. हार्लन मध्येच थांबला.

“मिस व्हर्डींना ते कळलं असेल का?”

“विचार ना त्यांना,” मी म्हटलं.

“विचारायचं म्हणजे सांगायला लागणार. सांगायचं नाही असं ठरलंय.” मग वजन उचलता उचलता म्हणाला, “तू तुझ्या भाषेत लिहितोस ना, त्यात लिही हवं तर. मिस व्हर्डी ते वाचणार नाहीत.”

त्याने शेवटचं वजन ठेवलं. काटा बरोबर होता. तो ‘हं’ म्हणाला नाही.

“एवढंच कळायला हवं होतं,” तो म्हणाला. “त्या बाजूच्या दाराने जायला लागल्या ते कमरेला काहीतरी आहे हे कळल्यामुळे, की मी तिरका उभा राहिलो म्हणून? पहिलं असेल तर मी पिस्तूल बदलेन. दुसरं असेल तर काय बदलू?”