झोपलेल्या मावशींची भूमिका

पडदा वर जातो तो एका भाड्याच्या बंगल्याच्या दिवाणखान्यावर. भर दुपार. खिडकीवर काळं कापड ठोकून खरं ऊन बाहेर अडवलंय आणि आत दिव्यांचं खोटं ऊन पाडलंय. जमिनीवर वायरींचं जंजाळ, त्यावरून उड्या मारणारी पोरं, पोरांवर खेकसणारी मोठी माणसं. आणि या सगळ्या बाजारात, मधोमध वेताच्या आरामखुर्चीत, मांडीवर एका मुलाचा इस्त्री केलेला सदरा घेऊन साठीच्या एक बाई गाढ झोपल्या आहेत.

या बाई नटी नव्हत्या. नाटक मंडळींच्या कपड्यांना इस्त्री करण्यात त्यांचा जन्म गेला. राजाचा अंगरखा असो की भिकाऱ्याच्या चिंध्या, मावशींच्या हाताखालून गेल्याशिवाय काही रंगमंचावर जात नसे. चिंध्यांना कशाला इस्त्री, असं कुणी विचारलं तर त्या म्हणत, चुरगळायचं तेसुद्धा नीट चुरगळावं.

त्यांचे यजमान, म्हणजे आमचे सगळ्यांचे काका, बसचे कंडक्टर. दिवसभर घसा फोडून आलेला माणूस घरी तरी गप्प बसेल, पण नाही. अंथरुणाला पाठ टेकली की त्यांची दुसरी पाळी सुरू. कोण विनातिकीट सापडलं, कुणाची कोंबडी बसमध्ये सुटली, कोणत्या आजोबांनी ड्रायव्हरला गाडी चालवायला शिकवलं. मावशी त्या बडबडीत झोपी जायच्या. "मी काय भिंतीशी बोलतोय का?" असं काका विचारायचे आणि भिंतीला पुढचं सांगायचे. सगळ्या संसारात मावशींनी त्यांची एकही गोष्ट शेवटपर्यंत ऐकली नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर काका गेले. डेपोच्या बाकावर चहा पीत बसले होते, तिथेच.

मावशी रडल्या नाहीत. आलेगेले म्हणायचे, एकदा रडून मोकळ्या व्हा. त्यांनी प्रयत्नही केला; भिंतीकडे तोंड करून बसून पाहिलं, पण आत कापूस कोंबल्यासारखं झालेलं. इस्त्रीचा चटका बसून हाताला फोड आला, तो धाकट्या जावेनं दाखवला तेव्हा त्यांना कळला. आणि झोप तर पार उडाली. घर इतकं शांत की नळाचा थेंबसुद्धा पाहुण्यासारखा वाटे. रेडिओ लावून पाहिला. पण तो जगाशी बोलत होता, त्यांच्याशी नाही.

शेवटी जावेनंच त्यांना ढकललं. घरात बसून छताचे पोपडे मोजण्यापेक्षा सिनेमावाल्यांच्या कपड्यांना इस्त्री करा, म्हणाली. सिनेमा उन्हाळ्याच्या सुट्टीचा, विनोदी. मिसरूड फुटायच्या बेतात असलेला एक मुलगा नातेवाइकांकडे येतो, पोहायला शिकतो, शेजारच्या मुलीपायी स्वतःचं हसं करून घेतो आणि सुट्टी संपताना थोडा मोठा होऊन परत जातो. मावशी त्या मुलाचा सदरा द्यायला म्हणून दिवाणखान्यात आल्या, क्षणभर टेकल्या, आणि त्या कोलाहलात त्यांचा डोळा लागला.

दिग्दर्शिका त्यांच्या निम्म्या वयाची. तिनं कुणाला उठवू दिलं नाही. उलट सिनेमात नवं पात्र घातलं: सदान्‌कदा झोपलेली मावशी. पोरं तिच्या पायांवरून सायकली नेतात, ओलं कुत्रं पळवतात, भांडतात, मावशी ढिम्म. बापाचं काम करणाऱ्या मुरलेल्या नटानं एकदा हळूच विचारलं, पापण्यासुद्धा हलत नाहीत, हे साधता कसं? "झोपते," मावशी म्हणाल्या. नटराज मान डोलावत गेले. त्यांना वाटलं, बाई विद्या लपवतेय.

घोळ एकच होता. गोंगाटात मावशी मेल्यासारख्या झोपत, पण साउंडवाला "शांतता" म्हणून ओरडला की टक्क जाग्या. म्हणून कॅमेरा सुरू होईपर्यंत सगळ्यांनी गप्पा मारायच्या, असा हुकूम निघाला.

शेवटचा प्रसंग मात्र शांततेचा होता. मुलगा निघालाय. बॅग दारात. तो झोपलेल्या मावशीजवळ बसून सुट्टीत काय काय केलं ते हळू आवाजात कबूल करतो, थांबतो, तिच्याकडे बघतो आणि निघून जातो. मावशीनं उठायचं नाही. त्या दुपारी मावशींनी कपड्यांच्या सगळ्या घड्या दोनदा घातल्या. हा प्रसंग झाला की बंगला रिकामा होणार, आणि मग झोपायचं ते घरी.

मुलगा बोलू लागला. खिडकीची काच कुणी फोडली. शेजारच्या मुलीसाठी लिहिलेलं पत्र चुकून तिच्या आजोबांच्या हाती कसं पडलं. मावशी खरोखरच झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं. ठरल्याप्रमाणे मुलगा थांबला. खोली गप्प झाली.

मावशींचे डोळे उघडले.

दिग्दर्शिकेनं कपाळाला हात लावला, पण कॅमेरा बंद करायला सांगितलं नाही. मावशी मुलाकडे पाहत होत्या. "थांबू नकोस," त्या म्हणाल्या. "पुढे काय झालं?"

मुलाजवळ पुढची वाक्यं नव्हती. पोरगं बिचकलं. मग आजोबांनी चष्मा कसा शोधला, पत्र उलटं धरून कसं वाचलं, असं मनचंच जोडत गेलं. मावशींनी ते सगळं ऐकलं, शेवटपर्यंत. डोळे कोरडे. मुलगा उठून गेल्यावरही त्या दाराकडे बघत राहिल्या.

दिग्दर्शिकेनं तो प्रसंग तसाच ठेवला. सिनेमा लागला, लोकांनी डोक्यावर घेतला. जाऊ मावशींना घेऊन गेली. थिएटर तुडुंब भरलेलं. पहिल्याच सायकलीला हशा उसळला, आणि त्या हशात मावशींची मान जावेच्या खांद्यावर कलंडली. पडद्यावर त्या झोपलेल्या, खुर्चीत त्या झोपलेल्या. शेवटी सगळं थिएटर गप्प झालं तेव्हा त्या जाग्या झाल्या आणि पडद्यावरून स्वतःचाच आवाज ऐकला. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. इतकंच वाटलं, की आता दिवे लागतील आणि घरी जावं लागेल.

बाहेर आल्यावर जाऊ डोळे पुसत होती आणि चिडलेलीही होती. "जाऊबाई, एवढा बघण्यासारखा सिनेमा, आणि तुम्ही अख्खा घोरलात."

मावशींनी जावेचा दंड धरला.

"तू बघितलास ना? मग आज माझ्याकडे राहा, आणि सांग. पहिल्यापासून सांग."