साखरपुड्याहून सासरी

माझा साखरपुडा राजूरला, गणपतीच्या देवळाजवळच्या मंगल कार्यालयात होता. लग्न दिवाळीनंतर ठरलं होतं. आई आली नव्हती. ओसरीच्या पायरीवरून घसरून तिचा पाय मोडला होता आणि ती धावड्याला घरी, मांडीपर्यंतच्या प्लास्टरमध्ये पडून होती. "साखरपुडाच तर हाये," आम्ही निघताना ती म्हणाली. "लग्नात मी सगळ्याहून पुढं राहीन."

साखरपुड्यातच लग्न उरकण्याची पद्धत आमच्याकडे आता रुळली आहे. जालन्याला आमच्या पेपरच्या कचेरीत अशा बातम्या माझ्याच हाताखालून जात. पाहुण्यांची नावं, कौतुकाची दोन वाक्यं. नवरीचं म्हणणं त्यात नसे.

कुंकू लागलं, ओटी भरली. पंगतीला वेळ होता म्हणून पुरुषांची बैठक बसली. मी आतल्या खोलीत होते. काकू घाईघाईनं आली.

"ऊठ जल्दी. मुंडावळ्या आणायला माणूस गेला."

"कुणाच्या?"

"कुणाच्या म्हंजे? तुह्या!" ती हसली. "पेपरवाली असून तुलाच खबर न्हाई का?"

मी बाहेर गेले. मुलाचे मामा बाबांना समजावत होते. "पाव्हणे आलेत, सैपाक झालाय. दुबार खर्चा कशाला? आजची तिथबी बराबर हाये." मुलगा खुर्चीवर बसून बुटाच्या नाड्या सोडत होता. त्याला कुणी विचारलं होतं की नुसतं सांगितलं होतं, कळलं नाही.

मी बाबांना एवढंच म्हणाले, "आईला विचारा." ती नाही म्हणेल याची मला खात्री होती. मुलगा मला पसंत होता. ती नसताना लग्न लागू नये, एवढीच माझी हरकत होती.

बाबांनी सगळ्यांसमोर फोनचा स्पीकर लावला. "इवाई म्हणून राह्यले, आजच लावू. काय करायचं?"

आई म्हणाली, "लावून टाका. मह्यापायी कशाला आडवता?"

"घ्या! इहीणबाईनं मोकळं केलं," मामा म्हणाले. लोक हसले. मी फोन मागेपर्यंत बाबांनी तो बंद केला होता.

पुढचं तुकड्यातुकड्यांनी आठवतं. आंतरपाट म्हणून कुणाचं तरी उपरणं धरलं. मुलाच्या बहिणीनं स्वतःच्या गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं. अक्षता पडल्या. कन्यादानाला बाबा पाटावर बसले. शेजारचा पाट रिकामा होता.

"मुलीची आई?" भटजींनी विचारलं.

"पाय मोडलाय तिचा."

भटजींनी ताटातली एक सुपारी उचलून त्या पाटावर ठेवली, तिला हळदकुंकू लावलं आणि पुढचा मंत्र सुरू केला. कुणाला काही वावगं वाटलं नाही. हातावर पाणी पडलं तेव्हा मी त्या सुपारीकडेच पाहत होते.

संध्याकाळी आमची जीप सासरच्या, पिंपळगाव रेणुकाईच्या रस्त्याला लागली. शेजारी नवरा होता. बदलायचे कपडे धावड्याला होते. मी आईला फोन लावला.

"लागलं का नीट?"

"लागलं."

"मह्या जागी कोण बसलं? काकू?"

"सुपारी ठेवली."



"मी जित्ती असून?" आई म्हणाली.

मग तीच म्हणाली, "बरं. झालं ते झालं. ती सुपारी कुठंय? बाबाला म्हणावं घरी आण. देवाजवळ ठेवते."

विधी आटोपल्यावर पानाचं ताट फिरलं, तेव्हा काकांनी पाटावरची सुपारी उचलून अडकित्त्यात धरली होती. मी पाहिलं होतं. अर्धी त्यांनी तोंडात टाकली, अर्धी मामांना दिली.

"बाबांच्या खिशात आहे," मी म्हणाले.